अण्वस्त्रांचा धाक शिकवायचा कसा: चिंचोके, फासे आणि दोन खोल्या

साताऱ्यातल्या पोवई नाक्याच्या आसपासच्या कुठल्याही अभ्यासिकेत आंतरराष्ट्रीय संबंधांची वही उघडा. प्रतिरोधनाचा, म्हणजे धाकाने शत्रूला रोखण्याचा, सगळा इतिहास एका पानात बसवलेला दिसेल: डावीकडे १९४५, १९५४, १९६२, १९७२, १९९८ आणि उजवीकडे एकेका सिद्धांताचं नाव. पाठांतराला ते पान सोयीचं आहे. पण ‘मे १९९८ मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या, मग वर्षभरात कारगिल घडलंच कसं?’ असं विचारलं की त्या पानात उत्तर सापडत नाही. या विषयातला प्रत्येक विचार आधीच्या विचाराला न सुटलेल्या अडचणीतून निघालेला आहे. ती अडचण विद्यार्थ्यांनी स्वतः अनुभवली नाही, तर पुढचा सिद्धांत कशासाठी लागला हे त्यांना कळत नाही.

सातारा-सांगलीकडच्या महाविद्यालयांत आणि अभ्यासिकांत सहज घेता येईल असा चार बैठकांचा हा आराखडा आहे. लागोपाठचे चार रविवार, प्रत्येकी तीन तास.

जमवाजमव

सहभागी १४ ते १६ असावेत. दहाच्या खाली गेलात तर गटातल्या गटात मतभेद होत नाहीत, आणि सरकारातले मतभेद हा या विषयाचा निम्मा भाग आहे. विसाच्या वर गेलात तर मागचे चौघे मोबाइलमध्ये शिरतात. संचालक दोन हवेत. खोल्याही दोन, एकीतलं बोलणं दुसरीत ऐकू जाणार नाही अशा. एकच हॉल असेल तर दुसरा गट गच्चीवर बसवता येतो, पण जून ते सप्टेंबर साताऱ्यात गच्चीचा भरवसा धरू नका. शाळेचा वर्ग रविवारपुरता मागून घ्या.

साहित्यात १०० चिंचोके, सहा फासे, पाठकोऱ्या कागदाच्या दोनशे चिठ्ठ्या, दोन रंगांची पेनं, वीस पाकिटं आणि दोन्ही खोल्यांत एकच वेळ दाखवणारं घड्याळ, इतकंच.

दोन देशांना ‘वेण्णा’ आणि ‘कृष्णा’ अशी नावं द्या. पहिल्या तीन बैठकांत खऱ्या देशांचं नाव खेळात येऊ द्यायचं नाही. ‘तुम्ही भारत, तुम्ही पाकिस्तान’ म्हटलं की पाचव्या मिनिटाला भाषणं सुरू होतात, आणि माघार घेणं योग्य असलं तरी वर्गमित्रांसमोर ती घ्यायला कुणी धजत नाही.

साताऱ्यात निवृत्त सुभेदार किंवा हवालदार शोधायला लांब जावं लागत नाही. त्यांच्यापैकी एकाला दुसऱ्या बैठकीपासून संदेशवाहक म्हणून बोलवा. वरून निघालेला हुकूम खाली पोचेपर्यंत कसा बदलतो, हे त्यांना कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त ठाऊक असतं. मात्र त्यांचं मत शेवटच्या अर्ध्या तासापर्यंत राखून ठेवायची विनंती करा. ते बोलले की पोरं मान डोलावतात आणि चर्चा तिथेच थांबते.

पहिली बैठक: धमकी असून भागत नाही, ती वाचायलाही हवी

सुरुवातीची वीस मिनिटं फळ्यावर तीनच प्रश्न ठेवा. कोणाला थांबवायचं? नेमक्या कोणत्या कृतीपासून? कशाच्या बळावर? पुढच्या चारही बैठकांत प्रत्येक सिद्धांत या तीन प्रश्नांवर घासून बघायचा आहे.

मग अमेरिकी युद्धनीतिज्ञ बर्नार्ड ब्रॉडी, १९४६ चा. आजवर सैन्याचं काम युद्ध जिंकण्याचं होतं, यापुढे ते टाळण्याचं असेल, हा त्याचा मुद्दा पाच मिनिटांत होतो. तेव्हा अणुबॉम्ब एकट्या अमेरिकेकडे होता. २९ ऑगस्ट १९४९ ला सोव्हिएत संघाने चाचणी केली आणि मक्तेदारी संपली. जानेवारी १९५४ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी ‘प्रचंड प्रत्युत्तरा’चं धोरण मांडलं: आगळीक कुठेही होवो, उत्तर आम्ही निवडू त्या ठिकाणी आणि त्या साधनांनी देऊ. इथे थांबून दुसरा प्रश्न विचारायला लावा. शत्रूने सीमेवरचं एखादंच ठाणं घेतलं तर त्यासाठी महानगरं जाळणार का? नाही, असं शत्रूला वाटलं तर धमकी पोकळ ठरते. विद्यार्थ्यांच्या तोंडून हे निघेपर्यंत पुढे जाऊ नका. चौथ्या बैठकीत त्याची गरज पडणार आहे.

आता चिंचोके. दोन्ही देशांना वीस-वीस द्या. एक चिंचोका म्हणजे एक क्षेपणास्त्र, आणि प्रत्येकाची दहा शहरं.

पहिला डाव: प्रत्येक क्षेपणास्त्रावर एकच स्फोटाग्र (वॉरहेड). वेण्णाने वीसच्या वीस डागायची, प्रत्येकाचा रोख कृष्णाच्या एका क्षेपणास्त्रावर. फासा टाकायचा, ४, ५ किंवा ६ पडलं तर लक्ष्य नष्ट. सरासरीने कृष्णाची दहा वाचतात आणि वेण्णाकडे एकही उरत नाही. आधी वार करणाराच नागवा झाला. असा हल्ला कोण करेल?

दुसरा डाव: प्रत्येक क्षेपणास्त्रावर तीन स्फोटाग्रं. आता वेण्णाने चौदाच डागली तरी ४२ स्फोटाग्रं होतात. वीस लक्ष्यांवर प्रत्येकी दोन टाकायची. दोन फासे एकदम टाका; दोन्हींवर ३ किंवा कमी आलं तरच लक्ष्य वाचलं. नष्ट होण्याची शक्यता पाऊणपट, म्हणजे सरासरी पंधरा गेली आणि कृष्णाची पाच राहिली. वेण्णाकडे सहा न वापरलेली शिल्लक आहेत. डाव तीनदा खेळा. वाचलेली कधी सात-आठ असतील, कधी दोन-तीनच. वेण्णातला कुणीतरी हटकून म्हणतो, ‘नशीब चांगलं असलं तर जमेल की.’ मग कृष्णावाल्यांना विचारा: समोरचा असा विचार करतोय हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तुम्ही वाट बघाल का? शस्त्रांची संख्या दोन्हीकडे सारखी असूनही दोघांना घाई करावीशी वाटते. एका क्षेपणास्त्रावर अनेक स्फोटाग्रं बसवण्याचं तंत्र अमेरिकेने १९७० मध्ये मिनिटमन-३ वर तैनात केलं आणि पुढची दोन दशकं शस्त्रनियंत्रणवाल्यांची झोप उडवली, ती या हिशेबामुळे.

तिसरा डाव: कृष्णाने पाच चिंचोके खिशात घालायचे. त्या पाणबुड्या, कुठे आहेत हे कळत नसल्याने त्यांच्यावर नेम धरता येत नाही. बाकीची पंधरा गेली तरी पंधरा स्फोटाग्रं परत येणारच, आणि वेण्णाची शहरं दहा आहेत. फासा कितीही चांगला पडू दे, उपयोग नाही. रँड या अमेरिकी संशोधन संस्थेतला अल्बर्ट वोलस्टेटर १९५० च्या दशकात हेच सांगत होता: पहिला वार सोसून उरणारी ताकद तेवढी मोजा. उघड्या तळांवर रांगेत उभी असलेली बॉम्बफेकी विमानं धाक निर्माण करत नाहीत, उलट हल्ल्याला आमंत्रण देतात. पोलारिस क्षेपणास्त्रं वाहणारी अमेरिकेची पहिली पाणबुडी १९६० च्या शेवटी गस्तीवर गेली.

चिंचोके गोळा करण्याआधी एक कोडं घाला. १९७२ च्या करारात अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांनी क्षेपणास्त्रविरोधी ढालीवरच मर्यादा घातली. बचावावर बंदी कशासाठी? उत्तर दुसऱ्या डावात आहे. वीस क्षेपणास्त्रं अडवू न शकणारी ढाल उरलेली दोन-तीन मात्र अडवू शकते. म्हणजे तिचा खरा उपयोग आधी वार करणाऱ्याला. हे ज्यांना पटलं त्यांना या विषयाचं मर्म सापडलं असं समजा. एरवी हा करार पाठ करण्यापलीकडे काही हाती लागत नाही.

‘मॅड’ (म्युच्युअल अश्युअर्ड डिस्ट्रक्शन) या संक्षेपाबद्दल एक पुस्ती. वहीत तो अधिकृत धोरण म्हणून लिहिलेला असतो. साठच्या दशकातले अमेरिकी संरक्षणमंत्री मॅकनमारा यांचा शब्द ‘खात्रीचा विनाश’ असा होता: प्रतिस्पर्ध्याच्या लोकसंख्येचा पाचवा ते चौथा हिस्सा आणि निम्मी उद्योगक्षमता उद्ध्वस्त करता आली की पुरे. सेनादलांची शस्त्रांची मागणी कुठेतरी अडवायची होती, म्हणूनही हा आकडा उपयोगी पडत होता. त्याला ‘परस्पर’ जोडून वेडेपणाचा संक्षेप डोनाल्ड ब्रेनन या टीकाकाराने केला, तो टिंगल म्हणून.

दुसरी बैठक: शिडी

तीन तासांपैकी पाऊण तास शेवटच्या चर्चेला राखून ठेवा. चर्चेविना हा नुसता खेळ होतो, आणि पोरं खूश होऊन रिकाम्या हातांनी घरी जातात.

फळ्यावर सहा पायऱ्यांची शिडी काढा: निषेध, सैन्याची जमवाजमव, समुद्रात नाकेबंदी, मर्यादित चकमक, मोठा पारंपरिक हल्ला, अण्वस्त्र. वाद ‘उरमोडी’ नावाच्या छोट्या मित्रदेशावरून. प्रत्येक चाल आठ मिनिटांची, एकूण नऊ चाली. प्रत्येक चालीला दोन्ही सरकारांनी पायरी ठरवायची आणि हवी तर दुसऱ्याला एक चिठ्ठी पाठवायची. चिठ्ठी एक चाल उशिरा पोचेल. दोघांपैकी कुणीही तिसऱ्या पायरीवर असेल तर संचालक फासा टाकेल, १ पडला तर अपघाताने युद्ध. चौथ्या पायरीवर १ किंवा २, पाचव्यावर ३ पर्यंत. युद्ध झालं की दोघेही हरले.

सुरुवातीला प्रत्येक सरकारला पाच ‘खुर्च्या’, म्हणजे पाच चिठ्ठ्या द्या. एक पायरी खाली उतरलं की एक खुर्ची गेली. पाचही गेल्या की सरकार पडलं. हा नियम वगळू नका. तो नसेल तर गट दुसऱ्याच चालीला शहाण्यासारखा खाली उतरतो आणि खेळ संपतो. खरी सरकारं तशी उतरत नाहीत, कारण उतरण्याची किंमत त्यांना घरात मोजावी लागते.

हमखास तीन गोष्टी बिघडतात. एक, तिसऱ्या चालीलाच अण्वस्त्र. कागदावरच्या माणसांचं कुणाला काही वाटत नाही म्हणून हे होतं. सुरू करण्याआधी प्रत्येकाला आपल्या देशातल्या एका शहराचं नाव, तिथलं इस्पितळ, बाजारपेठ आणि बसस्टँड यांचं चार ओळींत वर्णन लिहायला लावा. दोन, दोघेही पहिल्या पायरीवर बसून राहतात. त्यावर उपाय म्हणून दोन्ही सरकारांना एकेक बंद पाकीट द्या. त्यात ‘नवव्या चालीअखेर उरमोडी हातची गेली तर तीन खुर्च्या जातील’ असं लिहिलेलं असू द्या. तीन, चहाच्या सुट्टीत जिन्यात परस्पर तडजोड. चहा ज्याच्या त्याच्या खोलीत पाठवा.

चर्चेत सर्वांत आधी हिशेब मांडा. तिसऱ्या पायरीवर ‘सहात एकच तर धोका आहे’ म्हणून गट निवांत बसतो. तीन चाली बसलात तर अपघाताची शक्यता सुमारे ४२ टक्के होते. टॉमस शेलिंगने १९६० मध्ये नेमकं हेच मांडलं. जी धमकी जाणूनबुजून अमलात आणणं वेडेपणाचं ठरेल, तिचाही धाक बसतो, कारण घटना दोघांच्याही हातून निसटू शकतात. धोका मुद्दाम वाढवत नेणं हीच मग सौदेबाजी होते. २००५ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, रॉबर्ट ऑमन यांच्याबरोबर.

त्यानंतर क्युबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेला ऑक्टोबर १९६२ चा पेच उघडा, तोही उलट्या दिशेने: विद्यार्थ्यांच्या चिठ्ठ्यांकडून इतिहासाकडे. २६ तारखेचं सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांचं पत्र वॉशिंग्टनमध्ये हाती पडायला कित्येक तास गेले आणि दुसऱ्या दिवशी वेगळ्याच मागणीचं पत्र आलं. २७ तारखेला क्युबावर अमेरिकेचं यू-२ हेरविमान पाडलं गेलं, वैमानिक मेजर अँडरसन मारला गेला. त्याच दिवशी अण्वस्त्रधारी टॉर्पेडो असलेल्या सोव्हिएत पाणबुडीवर अमेरिकी नौदल इशाऱ्याचे स्फोट करत होतं. यातलं बरंचसं केनेडी किंवा ख्रुश्चेव्ह यांनी ‘ठरवलेलं’ नव्हतं. तुमच्या खेळातला फासा म्हणजे हाच. पुढच्या वर्षी वॉशिंग्टन आणि मॉस्को यांच्यात हॉटलाइन आली. उत्तरपत्रिकेत ‘लाल फोन’ लिहिणाऱ्यांचं लिखाण तिथेच खोडा; ती टेलिप्रिंटरची लाइन होती, कारण लेखी मजकुरात गैरसमजाला वाव कमी.

तिसरी बैठक: समोरच्याच्या डोक्यात काय आहे

ही बैठक सर्वांत कमी साहित्याची आणि घेणाऱ्याला सर्वांत अवघड. आदल्या रविवारच्या चिठ्ठ्या संचालकांनी दोन रकान्यांत लिहून आणायच्या: पाठवणाऱ्याला काय म्हणायचं होतं आणि घेणाऱ्याने काय वाचलं. मधला फरक पाहून वर्गात हसू फुटतं. ‘आम्ही फक्त सराव करतोय’ ही दिलासा देणारी ओळ बहुतेकदा दमदाटी म्हणून वाचलेली असते.

याला जोड १९५० च्या कोरियाची द्या, कारण त्यात आपला माणूस आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला चीनचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी भारताचे राजदूत सरदार के. एम. पणिक्कर यांना मध्यरात्री बोलावून सांगितलं की अमेरिकी फौजा ३८ वी अक्षांशरेषा ओलांडून आल्या तर चीन युद्धात उतरेल. दिल्लीमार्फत निरोप वॉशिंग्टनला पोचला. तिथे पणिक्कर चीनकडे झुकलेले मानले जात. इशारा पोकळ म्हणून बाजूला ठेवला गेला. त्याच महिन्यात चिनी फौजा यालू नदी ओलांडून आल्या. सुरुवातीचे तिन्ही प्रश्न इथे लावा: कोणाला, कशापासून, कशाच्या बळावर, सगळं स्पष्ट होतं. तरी धाक बसला नाही, कारण निरोप्यावर विश्वास नव्हता.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट जर्व्हिस आणि पुढे रिचर्ड नेड लेबो, जॅनिस ग्रॉस स्टाइन या अभ्यासकांनी अशाच फसलेल्या प्रकरणांवर बोट ठेवलं. इजिप्तने १९७३ मध्ये बलाढ्य इस्रायलवर हल्ला केला. १९८२ मध्ये अर्जेंटिनाने अण्वस्त्रधारी ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली. घरातला दबाव असह्य झाला की सरकार समोरच्याची ताकद मोजतं खरं, पण सोयीचं तेवढंच मोजतं. आदल्या खेळातल्या खुर्च्यांशी हे जोडून द्या.

भीतीची मात्रा वाढली की धाक वाढतोच असंही नाही; घाबरलेला माणूस खोट्या इशाऱ्यावरही वार करू शकतो. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत इशारा यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रं येत असल्याचं दाखवलं. लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव यांनी तो बिघाड मानला आणि तो बिघाडच निघाला.

याच बैठकीत एक शिस्त लावून घ्या. ‘धाकामुळे युद्ध टळलं’ हे वाक्य पुराव्याविना लिहायचं नाही. जे घडलं नाही त्याची कारणं अनेक असू शकतात. कदाचित समोरच्याला हल्ला करायचाच नसेल. फसलेला धाक दिसतो, साधलेला दिसत नाही, म्हणून फसलेल्यांचीच यादी मोठी होते. हा दोष जर्व्हिस-लेबोंच्या पद्धतीतही आहे, आणि तो विद्यार्थ्यांनीच शोधावा.

चौथी बैठक: आपल्याकडे

आता खरी नावं. सुरुवात देवराष्ट्रे-कराडकडून करा. १६ ऑक्टोबर १९६४ ला चीनने लोप नोरला पहिली अणुचाचणी केली तेव्हा संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते. ६२ च्या पराभवाला दोन वर्षंही झाली नव्हती. शास्त्रीजींनी बड्या अण्वस्त्रधारी देशांकडून संरक्षणाची हमी मिळते का याची चाचपणी केली. ठोस काही मिळालं नाही. वर्गाला विचारा, मिळाली असती तरी भरवसा ठेवला असता का? पॅरिससाठी न्यूयॉर्क पणाला लावाल का, हा फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांचा केनेडींना १९६१ मधला सवाल इथे शिकवा. मित्रदेशांना दिलेल्या अण्वस्त्रछत्रीची अडचण एका वाक्यात कळते.

पुढे १८ मे १९७४, मग ११ आणि १३ मे १९९८, पाकिस्तानच्या २८ आणि ३० मेच्या चाचण्या. आणि कारगिल. अमेरिकी अभ्यासक ग्लेन स्नायडरने १९६५ मध्ये लिहिलेलं विसंगतीचं सूत्र इथे उपयोगी पडतं: शिडीची वरची पायरी दोघांनाही बंद झाली की खालच्या पायऱ्यांवर धुमाकूळ घालायला मोकळीक मिळते. पण तेवढ्यावर सोडू नका. भारताने त्या युद्धात नियंत्रण रेषा ओलांडली नाही, म्हणजे धाक दोन्हीकडे होता. फक्त तो ज्या कृतीवर होता ती घुसखोरी नव्हती. दुसरा प्रश्न पुन्हा.

४ जानेवारी २००३ चं सरकारी निवेदन छापून प्रत्येकाच्या हातात द्या. ते अगदी छोटं आहे, गाइड वाचण्यापेक्षा तेच वाचा. प्रथम वापर नाही. वापर झाल्यास प्रत्युत्तर ‘प्रचंड’ आणि न सोसवणारं नुकसान करणारं. रासायनिक किंवा जैविक हल्ला झाल्यास अण्वस्त्राचा पर्याय राखलेला आहे. हे कलम निम्मे विद्यार्थी विसरतात. मग एप्रिल २०११ मधली पाकिस्तानची ६० किलोमीटर पल्ल्याच्या नस्र क्षेपणास्त्राची चाचणी सांगा आणि गप्प बसा. रणांगणावर एक छोटं अण्वस्त्र वापरलं गेलं, तर शहरं जाळण्याइतकं उत्तर खरंच देणार का? डलेसच्या धोरणावर पहिल्या रविवारी घेतलेला आक्षेप पोरं स्वतःहून इथे आणतील. नाही आणला तर पहिली बैठक नीट झाली नव्हती.

डिसेंबर २००१ ते ऑक्टोबर २००२ चं ऑपरेशन पराक्रम (संसदेवरच्या हल्ल्यानंतर भारताने सीमेवर केलेली सैन्याची जमवाजमव) ‘भाग पाडणं’ आणि ‘रोखणं’ यांतला फरक दाखवायला घ्या. समोरच्याला काही करू न देणं सोपं. तो गप्प बसला तरी कुणाला दिसत नाही. त्याने आपलं वागणं सगळ्यांदेखत बदलावं ही मागणी कठीण, कारण त्यात त्याची नाचक्की होते.

सप्टेंबर २०१६, फेब्रुवारी २०१९ आणि मे २०२५ या तिन्ही कारवाया शिडीवर मांडा. आधी नियंत्रण रेषेलगत, मग बालाकोट, मग बहावलपूर-मुरीदकेपर्यंत. वर्गाचे दोन भाग करा. एकाने ‘अण्वस्त्र वापराचा उंबरठा वाटला त्यापेक्षा वर होता’ हे सिद्ध करायचं, दुसऱ्याने ‘प्रत्येक वेळी फासा टाकला गेला, १ पडला नाही इतकंच’. वीस मिनिटांनी बाजू अदलाबदल करा. मार्च २०२२ मध्ये भारताचं क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात पडलं, हा तपशील बहुधा दुसरी बाजू शोधून काढते. या चर्चेत आवाज चढला तर लिहून मांडायला लावा. टीव्हीवरचा सूर कागदावर फार वेळ टिकत नाही.

सायबर आणि ड्रोन यांवर अर्धा तास पुरे. एस्टोनियावरचा २००७ चा सायबर हल्ला आणि इराणच्या अणुकार्यक्रमावर सोडलेला, २०१० मध्ये उघड झालेला स्टक्सनेट संगणक-विषाणू घ्या, आणि पहिला प्रश्न विचारा: कोणाला थांबवायचं? हल्लेखोर कोण हेच ठरत नसेल तर शिक्षेचा धाक लंगडा पडतो. मग शत्रूचा डाव साधूच न देणं, म्हणजे वासोट्यासारखा दुर्गम किल्ला बांधणं, याकडे विचार पुन्हा वळला. तो फरकही स्नायडरचाच, १९६१ चा.

शेवटच्या चाळीस मिनिटांत प्रत्येकाने २५० शब्दांचं उत्तर लिहायचं: ‘भारताच्या २००३ च्या अण्वस्त्र धोरणातला प्रचंड प्रत्युत्तराचा शब्द बदलावा का?’ तपासताना सिद्धांतकारांच्या नावांना गुण नाहीत. कोणाला, कशापासून, कशाच्या बळावर, या तिन्हींची उत्तरं सापडली तर तीन-तीन गुण. पाणबुड्यांचा मुद्दा, म्हणजे २०१६ पासूनची अरिहंत आणि २०२४ ची अरिघात, तिसऱ्या डावाशी जोडला असेल तर आणखी तीन. समोरचा हे कसं वाचेल यावर निदान एक वाक्य असेल तर उरलेले तीन. पंधरापैकी नवाच्या खाली असलेल्यांना पुढच्या रविवारी फक्त चिंचोक्यांचे तीन डाव पुन्हा खेळायला बोलवा. बाकीचं परत घ्यायची गरज पडत नाही.